देहाच्या घराची झाडलोट
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणिसांनी आम्हांस या संमेलनात बोलण्याचे निमंत्रण दिले तेव्हा विषय निवडण्याची पूर्ण मोकळीक दिली होती. आम्ही विषय कळविला आणि त्यानंतर काही दिवस त्यांच्याकडून उत्तरच आले नाही. अखेर ते स्वतः घरी आले, चहा घेतला, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि निघताना उंबरठ्यावर थबकून म्हणाले, "विषय उपयुक्त आहे, याबद्दल शंका नाही, पण समोर स्त्रिया असतील, मुले असतील, आणि व्याख्यान संपताच भोजनाची पाने मांडायची आहेत." त्यांचा संकोच आम्ही पूर्णपणे जाणतो. हा संकोच त्यांचा एकट्याचा नाही. तो आपणा सर्वांच्या अंगी लहानपणापासून मुरलेला आहे. परंतु तोच आमच्या आजच्या बोलण्याचे कारण असल्यामुळे विषय बदलणे आम्हांस शक्य झाले नाही. चिटणिसांनी व्याख्यान भोजनापूर्वी एक तास आधी ठेवून तोड काढली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे की आम्ही ३४ वर्षे एका माध्यमिक शाळेत शास्त्र हा विषय शिकविला. 'उत्सर्जन संस्था' हा पाठ दरवर्षी येई. आम्ही रंगीत खडूंनी फळ्यावर दोन मूत्रपिंडे, दोन मूत्रवाहिन्या आणि एक मूत्राशय अशी आकृती काढीत असू. 'मूत्र' हा शब्द उच्चारताच मुलांच्या बाकांवरून हशाची एक लाट जाई, मुली वहीत डोके खुपशीत, आणि आम्हीही अंमळ घाईने "उरलेले घरी वाचून या" असे सांगून पुढील पाठाकडे वळत असू. परीक्षेत आकृतीस चार गुण असत व ते बहुतेकांस मिळत. इतक्या वर्षांत आम्ही मुलांस आकृती शिकविली, तिचा अर्थ मात्र शिकविला नाही, हे आमच्या ध्यानी आले ते सेवानिवृत्तीनंतर, आणि तेही स्वतःच्या घरात घडलेल्या प्रसंगाने. तो प्रसंग पुढे सांगूच. प्रथम त्या आकृतीचा अर्थ पाहू.

ज्या घरात चूल पेटते त्या घरात धूर आणि राख ही दोन्ही निर्माण होणारच. आपला देह हेही असेच एक घर आहे. आपण जे अन्न खातो ते शरीराच्या कोट्यवधी पेशींत मंदपणे जळते व त्यातून शक्ती मिळते. या ज्वलनाचा धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू. तो रक्तातून फुप्फुसांत येतो आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. राखेची गोष्ट निराळी. डाळ, दूध, अंडी, मासे यांतील प्रथिने वापरली गेली म्हणजे त्यांतील नायट्रोजन मागे उरतो आणि त्यापासून अमोनिया तयार होतो. हा अमोनिया अत्यंत विषारी असून मेंदूस विशेष अपायकारक आहे. म्हणून यकृत त्याचे रूपांतर युरिया नावाच्या सौम्य द्रव्यात करते. स्नायूंच्या नित्य व्यवहारातून क्रिएटिनिन नावाचे आणखी एक टाकाऊ द्रव्य रक्तात येते. युरिया व क्रिएटिनिन हवेवाटे बाहेर जाऊ शकत नाहीत. ती पाण्यात विरघळवूनच काढावी लागतात. हे काम मूत्रपिंडांचे.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. शौचावाटे जे बाहेर पडते तेच शरीरातील मुख्य मल, असे आपण धरून चालतो. वस्तुतः अन्नमार्ग म्हणजे तोंडापासून गुदद्वारापर्यंत गेलेली एक लांब नळी होय. त्या नळीत न पचता राहिलेला चोथा रक्तात कधी शिरलेलाच नसतो. घराच्या बोळातून कोणी ये-जा करावी पण माजघरात पाऊल ठेवू नये, तशी त्याची अवस्था असते. त्याला अपवाद आहे तो त्याच्या रंगाचा. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या म्हणजे त्यांतील रंगद्रव्यापासून निर्माण होणारे पिवळे द्रव्य यकृत पित्तावाटे आतड्यात सोडते, व त्याच्या रूपांतरानेच मलास तपकिरी रंग येतो. कावीळ झालेल्या माणसाचे डोळे पिवळे दिसतात ते हेच द्रव्य रक्तात साचल्यामुळे. घामावाटेही थोडे क्षार व युरिया जातो; परंतु घामाचे मुख्य काम अंग थंड राखण्याचे आहे. रक्तात प्रत्यक्ष विरघळलेल्या राखेचा भार बव्हंशी दोन मूत्रपिंडांवरच पडतो.

ही मूत्रपिंडे पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आधाराने असतात. आकार घेवड्याच्या बीसारखा, लांबी साधारण ११ सेंटिमीटर, वजन प्रत्येकी सुमारे १५० ग्रॅम. म्हणजे दोन्ही मिळून पाव किलोहून थोडे अधिक. एवढ्याशा अवयवांकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, दर मिनिटास एक लिटरहून अधिक रक्त, अखंड वाहत असते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांस नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या आरंभी केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो व त्यापुढे एक लांब, वळणावळणांची नळी असते.

आता ही गाळणी कशी चालते ते ऐकावे. शाळेत आम्ही तिला चहाच्या गाळणीची उपमा देत असू. ती उपमा चुकीची होती, हे आज कबूल करतो. चहाच्या गाळणीत चोथा वर राहतो व चहा खाली उतरतो. मूत्रपिंडाची रीत याहून वेगळी, आणि ती आपल्या गृहिणींस चटकन उमगेल. दिवाळीच्या आधी आपण घर कसे साफ करतो? कोपऱ्याकोपऱ्यातील नको असलेली वस्तू शोधीत बसत नाही. डबे, भांडी, गाद्या, ट्रंका, सारे सामान अंगणात काढतो. मग हवे ते एकेक पुसून पुन्हा आत नेतो, आणि अंगणात जे उरते ते केराचे. मूत्रपिंड नेमके हेच करते. रक्तातील पेशी व मोठी प्रथिने तेवढी आत ठेवून पाणी, साखर, मीठ, युरिया अशी सारी लहान द्रव्ये ते त्या गुंत्यातून नळीत उतरविते. मग नळीच्या भिंती साखर बहुधा सगळी, पाणी व मीठ गरजेपुरते आणि इतर क्षार तोलून मापून परत रक्तात घेतात. दिवसाकाठी असे सुमारे १८० लिटर द्रव अंगणात येते आणि त्यातील शेकडा ९९ भाग परत आत जातो. उरते ते दीड-दोन लिटर मूत्र. आपल्या अंगात रक्तद्रव असतो तो अवघा तीन लिटरांच्या आसपास. म्हणजे तोच रक्तद्रव दिवसातून सुमारे ६० वेळा धुऊन निघतो. वर्षातून एकदा दिवाळीची साफसफाई केली म्हणजे आपली कंबर धरते. येथे ती दिवसातून ६० वेळा होते, आणि आपणांस तिचा पत्ताही नसतो.

हा पत्ता नसणे, हाच सारा धोका होय.

आता आमच्या घरातील प्रसंग सांगतो. ज्यांच्याविषयी सांगणार आहोत ते आमचे धाकटे बंधू आज या सभेत उपस्थित आहेत, आणि त्यांच्या अनुमतीनेच आम्ही बोलत आहोत. त्यांस ११ वर्षांचा मधुमेह होता. गोळ्या चालू होत्या. साखर कधी वर, कधी खाली. त्यांच्या ध्यानी आले की आपल्या लघवीस फेस येतो आणि तो पाणी ओतले तरी लवकर मोडत नाही. हे त्यांनी दोन वर्षे पाहिले आणि कोणासही सांगितले नाही. पत्नीस नाही, डॉक्टरांस नाही, शास्त्राचा शिक्षक असलेल्या आपल्या थोरल्या भावास तर नाहीच. पुढे त्यांचा चेहरा फिकट दिसू लागला. आम्ही अशक्तपणा समजून खजूर आणि बीट खाऊ घातले. सायंकाळी पायांवर सूज येई. ती उभे राहण्याच्या कामाची, असे ठरले. एके दिवशी दम लागून त्यांस रुग्णालयात न्यावे लागले तेव्हा रक्तातील क्रिएटिनिन सातांवर गेलेले आढळले. निरोगी माणसात ते एकाच्या आसपास असते. दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली होती.

त्या फेसाचा अर्थ आम्हांस ठाऊक होता. अंगणात कधीच येऊ नये अशी मोठी प्रथिने गाळणी फाटल्यामुळे बाहेर पडू लागली म्हणजे मूत्रास अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा फेस येतो. फिकेपणाचाही अर्थ ठाऊक होता. हाडांच्या मगजास तांबड्या पेशी घडविण्याची आज्ञा देणारे द्रव्य मूत्रपिंडेच निर्माण करतात, आणि ती थकली म्हणजे रक्त कमी होते. हे सारे आम्ही पुस्तकात वाचले होते. परंतु ज्याने फेस पाहिला त्याने तो सांगितला नाही, आणि ज्यास अर्थ कळत होता त्याने कधी विचारले नाही. मुतखड्याची कळ आली तर माणूस मध्यरात्री डॉक्टरांचे दार ठोठावतो. मधुमेह आणि रक्तदाब यांनी होणारी मूत्रपिंडांची झीज मात्र दुखत नाही. निम्मे काम बंद पडेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिनही फारसे वाढत नाही. अशा रोगात माणसाने स्वतः होऊन बोलणे, हीच पहिली चिकित्सा असते.

मग बंधू का बोलले नाहीत? रुग्णालयातील खाटेवर आम्ही त्यांस हे विचारले. थोडा वेळ ते गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मुलीची पत्रिका मंडळाच्या वधूवर सूचक केंद्रात दिली होती. वडिलांच्या किडन्या बिघडल्याचे कळले असते तर कोण दारात आले असते?"

ज्ञातिबंधुभगिनींनो, हे वाक्य आम्ही आजवर कोठेही जाहीरपणे उच्चारले नव्हते. आज उच्चारतो, कारण ज्यांच्या भयाने ते निघाले ते आपणच आहोत. हे मंडळ संकटकाळी एकमेकांस आधार देण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी स्थापन केले. शिष्यवृत्त्या, वसतिगृह, कुलवृत्तांत अशी कितीतरी चांगली कामे त्याने केली, त्यांचा आम्हांस अभिमान आहे. परंतु आजारी ज्ञातिबांधवास या मंडळाचा आधार वाटण्याऐवजी धाक वाटावा, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे खरोखरच एक स्थळ "पाहून कळवितो" असे सांगून परत गेले ते गेलेच. त्या घराविषयी आमच्या मनात राग नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर निराळे वागलो असतो, असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

रोग निश्चित झाल्यावर बंधूंस आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, डायालिसिसच्या यंत्रास जोडून घ्यावे लागे. हे यंत्र ज्याने प्रथम माणसावर यशस्वी करून दाखविले त्या विलेम कोल्फ नामक डच वैद्याची कथा स्मरणात ठेवण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड देश जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४३ साली, काम्पेन गावच्या रुग्णालयात त्याने लाकडी पट्ट्यांचा एक पिंप तयार केला, त्याभोवती मांसाचे पदार्थ भरण्यासाठी वापरतात तसली सेलोफेनची नळी गुंडाळली, आणि तो पिंप क्षारयुक्त पाण्याच्या टाकीत फिरत ठेवला. नळीतून रुग्णाचे रक्त वाहे व त्यातील युरिया नळीच्या भिंतीतून पाण्यात उतरे. आरंभीचे बहुतेक रुग्ण दगावले. तरीही त्याने प्रयत्न सोडला नाही, आणि १९४५ साली ६७ वर्षांची एक स्त्री या यंत्रामुळे शुद्धीवर येऊन वाचली. आज हे उपचार आपल्या जिल्ह्याच्या गावी मिळतात; सरकारी जिल्हा रुग्णालयांतून त्यांची सोय करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला.

परंतु यंत्राची मर्यादा ओळखली पाहिजे. आठवड्याचे तास १६८. त्यांपैकी यंत्र काम करते १२ तास. उरलेल्या वेळात पाणी आणि विषारी द्रव्ये अंगात साचतच राहतात. ऐन वैशाखात बंधूंस दिवसाचे पाणी एका तांब्यात मोजून भरून दिलेले असे. ते दिवसभर पुरवायचे. तहान अनावर झाली म्हणजे ते बर्फाचा खडा तोंडात धरीत. त्या दिवसांत ज्ञातिबांधव मोठ्या आपुलकीने भेटीस येत आणि आपल्या रीतीप्रमाणे शहाळी, केळी, संत्री घेऊन येत. येथे एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. शहाळ्याच्या पाण्यात आणि या फळांत पोटॅशियम नावाचा क्षार भरपूर असतो. निरोगी मूत्रपिंड जास्तीचा क्षार सहज बाहेर टाकते. निकामी मूत्रपिंडास ते जमत नाही, आणि रक्तात तो वाढल्यास हृदय एकाएकी बंद पडू शकते. आम्ही जो खजूर त्यांस प्रेमाने भरविला तोही याच जातीचा. अशा रुग्णास भेटण्यास जाताना हात रिकामे असले तरी चालतील. घटकाभर जवळ बसावे, तेवढे पुरे.

यावर अधिक टिकाऊ उपाय म्हणजे मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले. घेणारा भाऊ त्यानंतर आठ वर्षे जगला. देणारा भाऊ २०१० सालापर्यंत, म्हणजे आणखी ५६ वर्षे. डॉ. मरे यांस १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात १९७१ साली वेल्लोर येथे ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली, आणि अवयवांचा बाजार होऊ नये म्हणून १९९४ साली त्याविषयीचा कायदा झाला. देणाऱ्याचे उरलेले एक मूत्रपिंड थोडे वाढते आणि बहुतेक सारे काम अंगावर घेते. मात्र देणाऱ्याची कसून तपासणी आधी व्हावी लागते आणि पुढेही वर्षास एकदा व्हावी लागते. घेणाऱ्यास आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात.

आमची पुतणी आपले मूत्रपिंड देण्यास तत्काळ पुढे झाली. ज्या मुलीच्या विवाहासाठी बापाने रोग लपविला, तीच "माझे घ्या" म्हणून हट्ट धरून बसली. बंधूंनी तिचे ऐकले नाही. अखेर आमच्या भावजयीचे मूत्रपिंड जुळले व त्यांनी ते दिले. या गोष्टीस आज सहा वर्षे होत आहेत. दोघेही आपली नित्याची कामे करीत आहेत. त्यांच्या धैर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. तरीही एक प्रश्न मनातून जात नाही. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून पुष्कळ अधिक आहे, आणि घेणाऱ्यांत पुरुषांची. आई देते, पत्नी देते, बहीण देते. आमच्या घरीही देण्याचा प्रश्न निघाला तेव्हा सर्वांच्या नजरा प्रथम भावजयीकडे वळल्या. आमच्याकडे, म्हणजे सख्ख्या भावाकडे, त्या वळल्या नाहीत, आणि आम्हीही तपासणीस जाऊ असे म्हणण्यास आठ दिवस लावले. तपासणीत आमचा रक्तदाब वाढलेला निघाला व आमचे मूत्रपिंड घेता आले नाही, ही गोष्ट खरी; पण ते आठ दिवस आम्ही विसरलो नाही.

स्त्रियांचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट बोलतो. शाळेच्या व्हरांड्यात पाण्याचा माठ असे. मुले मधल्या सुटीत त्याभोवती गर्दी करीत. मुली सहसा तिकडे फिरकत नसत. मुलींस तहान कमी लागते, अशी आमची भाबडी समजूत होती. पुष्कळ वर्षांनी एका शिक्षिकेने सांगितले, "सर, मुलींच्या मुतारीचे दार मोडले आहे. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत." उत्सर्जन संस्थेची आकृती आम्ही त्याच मुलींस शिकवीत होतो.

स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटर लांबीचा, तर पुरुषांचा सुमारे वीस. त्यामुळे बाहेरील जंतू स्त्रियांच्या मूत्राशयात लवकर पोचतात. पुरेसे पाणी पिऊन मूत्राशय वेळोवेळी रिकामे करणे, हाच त्यांस धुऊन काढण्याचा निसर्गाचा मार्ग आहे. पाणी न पिणे व वेग रोखून धरणे यांमुळे जंतुसंसर्ग वाढतो, मूत्र दाट होऊन खडे धरतात. हे काही पाश्चात्त्यांचे नवे ज्ञान नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अडवू नयेत असे तेरा वेग सांगितले असून त्यांत मूत्राचा वेग पहिला आहे. आपल्या पूर्वजांस ज्याचा उच्चार करताना संकोच वाटला नाही, त्याचा आपणांस का वाटावा? आणि आता स्पष्टच बोलायचे तर, ज्या ज्ञातिगृहात आपण बसलो आहोत तेथे विवाहाच्या दिवशी स्त्रिया सकाळी सातपासून सायंकाळपर्यंत नऊवारी नेसून वावरतात. त्यांच्यासाठी येथे शौचकूप आहेत दोन. त्यांपैकी एकाची कडी लागत नाही. आमच्या भगिनींनी हे कधी सांगितले नाही, कारण सांगायचे कोणाला, आणि कोणत्या शब्दांत?

आमच्या मागण्या तीन आहेत आणि त्या खर्चिक नाहीत.

पहिली अशी की, पुढील वर्षीच्या संमेलनाच्या दिवशी सकाळी रक्तदाब, रक्तातील साखर, मूत्रातील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन यांची तपासणी ठेवावी. ज्यांस मधुमेह वा रक्तदाब आहे, ज्यांच्या कुटुंबात मूत्रपिंडाचा विकार झालेला आहे, त्यांनी वर्षातून एकदा ही तपासणी केलीच पाहिजे. प्रथिनांची गळती वेळीच सापडली तर झीज मंद करणारी उत्तम औषधे आज उपलब्ध आहेत. बंधूंच्या त्या दोन वर्षांत ती देता आली असती. गुडघे दुखतात म्हणून मनाने वेदनाशामक गोळ्या खाऊ नयेत, कोणाच्याही सांगण्यावरून धातूंची भस्मे घेऊ नयेत. आणि मीठ आवरावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसास दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ पुरेसे आहे. एक सपाट चमचा. आपल्या पंगतीत पानावर मीठ आधी वाढतात, मग लोणचे, मग पापड. रीत मोडा असे आम्ही म्हणत नाही. वाढणाऱ्याचा हात आखडावा, एवढेच.

दुसरी मागणी अशी की, ज्ञातिगृहाच्या दुरुस्तीसाठी जो निधी जमत आहे त्यातील पहिला खर्च व्यासपीठाच्या सजावटीवर न होता स्त्रियांच्या शौचकूपांवर व्हावा. देणगीदारांच्या नावाची पाटी तेथे लागणार नाही, हे आम्ही जाणतो. आमची यथाशक्ति वर्गणी आम्ही आजच, याच अटीवर, खजिनदारांकडे देत आहोत.

तिसरी मागणी मंडळाकडे नसून प्रत्येक कुटुंबाकडे आहे. एखाद्या घरातील आजार कानावर आला तर तो दुसऱ्या घरी पोचविण्यापूर्वी आपण स्वतः त्या घरी जाऊन यावे.

आमच्या पुतणीचा विवाह दोन वर्षांपूर्वी याच ज्ञातीत झाला. पहिल्या भेटीसाठी वराकडील मंडळी येणार होती तेव्हा बंधूंनी ठरविले होते की ती बसताच सारे सांगून टाकायचे, मग काय व्हायचे ते होवो. त्यांनी सांगितले. मुलाच्या आईने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "व्याही आमच्याकडे जेवायला येतील तेव्हा त्यांच्या भाजीत मीठ किती घालायचे, ते लिहून द्याल का?"

त्या माउली आज समोर बसल्या आहेत. त्यांचे नाव घेतलेले त्यांस आवडणार नाही, म्हणून घेत नाही.  पाने मांडली गेल्याचे चिटणीस खुणेने सांगत आहेत.